धावड्यात समुद्राची खबर

बदनापूर स्टेशनवर पॅसेंजर थांबली, डब्यात मोसंबीच्या टोपल्या चढल्या आणि समुद्र खरंच मागे राहिल्याचं मला जाणवलं. हर्णैला आमच्या घराचं दार उघडलं की खारा वारा आत येतो. इथे खिडकीतून येणारा वारा तव्यावरून उठल्यासारखा होता. बाहेर नांगरून पडलेली काळी रानं. समुद्रावर बोलायला निघालेल्या मला पहिल्याच सकाळी समुद्राची आठवण छळू लागली होती.

पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. त्यातलं इथेही सांगते, कारण सांगून सांगूनही ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही. कोळसा आणि तेल जाळून आपण जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला मोठा वाटा समुद्र मुकाट पोटात घेतो. पण पाणी तापलं की त्याची ही ताकद घटते. मग तो वायू हवेतच उरतो, हवा आणखी तापते आणि पाणीही. जाळणारे मात्र एसी हॉटेलात परिषदा भरवतात, बाहेर त्यांच्या गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात.

जालन्यात मस्तगडला सोड्याच्या बाटल्या घेतल्या. थंड सोडा गॅस धरून ठेवतो, गरम सोडा सोडून देतो. समुद्र समजवायला याहून सोपं काही मला सापडलेलं नाही. धावड्याला नेतेय म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "पोचेस्तोर चहा होईल त्याचा, ताई. जल्दी पिऊन घ्या." मी हट्टाने बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि भोकरदनची एसटी धरली. पुढे जीप. फडकं वाटेतच वाळलं.

कार्यक्रम समाजमंदिरात होता. 'थंड' म्हणून जी बाटली मी हातात घेतली ती दुसरीइतकीच तापलेली. झाकण काढताच सोडा थेट सरपंचांच्या पांढऱ्या शर्टावर. मागून कुणीतरी म्हणालं, समुद्र लईच तापलाय. सगळे हसले, सरपंचही. मी म्हटलं, हेच सांगायला आलेय.

मुक्काम दादाराव गुरुजींकडे होता. निवृत्त शिक्षक, त्यांनीच मला बोलावलं होतं. 'जय भीम' झालं, पाणी झालं आणि त्यांच्या पत्नीने, कौसाबाईंनी, भाकरीबरोबर येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढली. आमच्याकडच्या माशाच्या कालवणाची सवय असलेल्या माझ्या जिभेला ती झणझणीत लागली, तरी मी दोनदा घेतली. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "ते गरम पाण्याचं खरं हाय का, माय?"

खरं आहे म्हटलं. पळी तशीच हातात धरून त्या चुलीकडे वळल्या.

मग गुरुजी सांगत बसले. त्यांचा मुलगा सिद्धार्थ मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत काम करतो. इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात आणि ते किती गरम आहे, हे त्याला रोज बघावं लागतं. त्याने दोनदा येण्याची तारीख कळवली आणि दोन्ही वेळा बदली माणूस आलाच नाही. तेव्हापासून कौसाबाईंनी तारीख सांगायला बंदी घातली. दृष्ट लागते म्हणून. कुठल्या बंदरात आहेस, हेही विचारायचं नाही. विचारायचं फक्त पाणी. गार म्हणजे लेक लांब आहे. गरम म्हणजे घराकडे वळला.

मागे असंच 'गरम' कळलं, तेव्हा त्यांनी त्याची गादी उसवून कापूस पिंजून आणला होता. तो मात्र तेव्हा जगाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. गुरुजी हळूच म्हणाले, "तिकडं पाणी गारच राहायचं म्हणे. त्यालाबी नवल वाटलं."

दिवस मावळताना सिद्धार्थचा फोन आला. नीट रेंज माळवदावरच (मातीच्या सपाट छतावर), म्हणून आम्ही सगळे वर गेलो. कौसाबाईंनी जेवलास का विचारलं, आवाज का बसलाय विचारलं. मग थांबून म्हणाल्या, "पाणी कसंय?"

"गरमच हाय, माय."

त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोन ठेवल्यावर मी, सवयीने, तोडून बोलले. "मावशी, या पाण्यावर विसंबू नका. आता ते लांबही गरम असतं. कुठे आहे ते सरळ विचारा."

त्या पदर सारखा करत राहिल्या. "तू शिकलेली हायस, तुझं बराबर असंल. पण तारीख ईचारायची न्हाई, गाव ईचारायचं न्हाई. मंग मी त्याला ईचारू काय?"



हर्णैला परतले तेव्हा पिशवी न टाकता आधी पाण्यात उतरले. इतके दिवस याच पाण्यासाठी जीव तुटत होता, आणि ते पायाला कोमट लागलं. संताप यायला हवा होता. पण मला आठवला तो माळवदावरचा उजळलेला चेहरा. याच पाण्यावर कुठेतरी तो पोरगा काटा वाचत उभा असेल.

काही दिवसांनी तिथेच उभी असताना कौसाबाईंचा फोन आला. सुखरूप पोचलीस का, असं विचारून झालं आणि मग तेच.

"तुमच्याकडं पाणी कसंय, माय?"

गुळमुळीत बोलणाऱ्यांवर मी आजवर पानंच्या पानं लिहिली आहेत. "गरम आहे, मावशी," मी म्हटलं. "पण त्याचा अर्थ..."

"ठाव हाय मला. तू सांगितल्तं." फोनमध्ये माळवदावरचा वारा वाजत होता. "तरीबी गादी उन्हात टाकून ठिवते."

फोन ठेवला आणि मी दूरवर एखादं जहाज दिसतंय का, ते बघत राहिले.