अकरावा परिच्छेद

मी मालकांच्या बाजूने लढते. कारखान्याने कामगाराला काढलं आणि तो कामगार न्यायालयात गेला, की कारखाना माझ्याकडे येतो. पंचवीसएक वर्षं हेच चालू आहे. ऑफिस नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर, खाली लग्नपत्रिकांचं दुकान. गरिबांच्या विरुद्ध उभं राहताना कसं वाटतं, असं पूर्वी लोक विचारायचे आणि मी उत्तर द्यायचे. आता देत नाही. सव्वादहाला कोर्टात पोचायचं असतं.

प्रकरण आलं की पहिल्याच दिवशी मी एका फुलस्केप कागदावर तीन रकाने आखते. आपण काय सिद्ध करायचं, समोरच्याने काय सिद्ध करायचं, आणि कोणी विचारू नये अशा गोष्टी. तिसरा रकाना अशिलाला दाखवत नाही. त्यात बहुधा तीन-चार ओळी असतात. या प्रकरणात एकच होती. गेटचं रजिस्टर.

भोसरीकडचा एक कारखाना. पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणारा जुना ऑपरेटर, वय चोपन्नच्या आसपास. गावी आई आजारी म्हणून सुपरवायझरला फोनवर विचारून आठ दिवस गेला. कंपनीचं म्हणणं असं, की त्याने रजा मागितलीच नाही, परत आलाच नाही, म्हणजे त्याने स्वतःहून नोकरी सोडली. त्याचं म्हणणं असं, की नवव्या दिवशी तो गेटवर आला तेव्हा त्याला आत सोडलं नाही. तो सुपरवायझर मधल्या काळात दुसऱ्या कंपनीत निघून गेला होता. राहिला कागद.

कंपनीत गेले की कोणकोणती कागदपत्रं मागायची याची माझी यादी ठरलेली आहे. गेटचं रजिस्टर त्यात शेवटी येतं. सिक्युरिटीवाल्याने ते निमूट आणून दिलं. ओळीने तीन दिवस त्याचं नाव होतं, सकाळी सातच्या आत, आणि पुढे शेऱ्यात लिहिलेलं, ‘आत सोडू नये असा निरोप.’ गावाकडच्या माणसाचं स्वच्छ, वळणदार अक्षर. मी प्लांट हेडना त्याच दिवशी सांगितलं की तडजोड करा. ते म्हणाले, एकाला घेतलं तर उद्या दहा जण न विचारता गावाला जातील. मग मी तिसऱ्या रकान्यात ती ओळ लिहिली आणि कामाला लागले. मालकाच्या वकिलाने आपल्या विरुद्धचा कागद स्वतःहून कोर्टात नेऊन द्यायचा नसतो. समोरच्याने मागायचा असतो.

समोर युनियनचे एक जुने प्रतिनिधी होते. वकील नाहीत, पण कामगार न्यायालयात त्यांना उभं राहता येतं आणि ते पुष्कळ वकिलांपेक्षा नीट उभे राहतात. सत्तरीचे, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. कोर्टाच्या व्हरांड्यातून ते चालले की निम्मे लोक ‘जय भीम’ घालतात आणि ते प्रत्येकाला थांबून उत्तर देतात, म्हणून त्यांना नेहमी उशीर होतो. माझ्याविरुद्ध त्यांनी किती प्रकरणं लढवली याची मोजदाद आम्ही दोघांनीही सोडून दिली आहे. रजिस्टर मात्र त्यांनी मागितलं नव्हतं. त्यांच्याकडे एका वेळी साठ-सत्तर प्रकरणं असायची. राहून गेलं असावं.

तडजोडीची एक बैठक कोर्टानेच घ्यायला लावली होती. कंपनी एकरकमी काहीतरी देऊन विषय संपवायला तयार होती. ऑपरेटर खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून, हळू आवाजात म्हणाला, ‘मॅडम, मला रक्कम नको. मला तिथनं रिटायर व्हायचंय. तीस वर्षं ज्या गेटनं गेलो, तिथनं काढून दिलेला माणूस म्हणून मला मरायचं नाही.’

त्या दिवसापासून प्रकरणात खरा प्रश्न एकच होता. अठ्ठावन्न वर्षं पूर्ण व्हायच्या आत निकाल लागला तर तो आत जाणार. नंतर लागला तर काय लागेल ती रक्कम मिळेल, गेट मिळणार नाही. हे त्याला कळत होतं, त्याच्या प्रतिनिधींना कळत होतं, आणि मला तर सगळ्यात जास्त कळत होतं, कारण तारखा मी मागत होते. साक्षीदार रजेवर आहे, कागद मिळाले नाहीत, आज दुसऱ्या कोर्टात आहे. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. नुसत्या खऱ्या कारणांनी साडेतीन वर्षं जाऊ शकतात.

मग कंपनीच्या साक्षीची पाळी आली. साक्षीदार म्हणून नवा एचआर मॅनेजर. तिशीतला, नम्र, प्रकरण घडलं तेव्हा तो त्या कंपनीत नव्हताच. अशा प्रकरणांसाठी माझ्याकडे शपथपत्राचा ठरलेला नमुना आहे. टायपिस्ट फक्त नाव, खातं आणि दिवस बदलतो. त्यात अकरावा परिच्छेद एका वाक्याचा आहे. ‘त्यानंतर सदर कामगार कामावर हजर होण्यासाठी कंपनीच्या प्रवेशद्वारावर कधीही आला नाही.’ मी तो खोडला. बारावा अकरावर आला, शेवटपर्यंतचे आकडे सरकले.

मॅनेजरने वरिष्ठांना मसुदा पाठवला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. प्लांट हेडचं म्हणणं होतं की दुसऱ्या केसमध्ये असलेलं एक वाक्य इथे दिसत नाही. मी म्हटलं, नाहीच आहे. त्याने विचारलं, टाकता येईल का. मी म्हटलं, सही तुमची आहे, शपथ तुमची आहे, आणि रजिस्टर मी पाहिलंय. तो म्हणाला, राहू दे मॅडम.

उलटतपासणीच्या दिवशी प्रतिनिधी नेहमीप्रमाणे उशिरा आले. पिशवीतून शपथपत्राची प्रत काढली आणि उभ्याउभ्याच चाळली. अर्धा तास ते रजेच्या नियमांवर प्रश्न विचारत होते आणि मी मनात दुपारच्या कामांची यादी लावत होते. मग त्यांनी चष्मा कपाळावर नेला. कामगार नंतर गेटवर आला होता का, असं विचारलं. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. साक्षीदाराने वकिलाकडे पाहणं म्हणजे अर्धं उत्तर. ‘मला माहीत नाही,’ तो म्हणाला. गेटवर रजिस्टर असतं का? असतं. प्रतिनिधींनी तिथेच बसून हाताने अर्ज लिहिला, की ते रजिस्टर कोर्टात हजर करावं.

यानंतर मी जे केलं ते लिहायला हवं. अर्जावर म्हणणं द्यायला मी मुदत मागितली. महिनाभराची तारीख मिळाली. त्या तारखेला आणखी मुदत मागितली, आणखी एक महिना गेला. कंपनीने सांगितलं नव्हतं. मी काही डाव आखला नव्हता. समोरून अर्ज आला की मुदत मागायची हे हाताला इतकं बसलं आहे की तोंड आपोआप उघडतं. उलटतपासणी झाली तेव्हा त्याला निवृत्तीसाठी नऊ महिने उरले होते. रजिस्टर कोर्टात गेलं तेव्हा सात. ते दोन महिने माझे.

रजिस्टर दाखल झालं त्या दिवशी प्रतिनिधी आणि मी कोर्टाच्या बाहेरच्या टपरीवर चहाला थांबलो. इतक्या वर्षांनी असं थांबता येतं. मी त्यांना विचारलं, रजिस्टरचं अचानक कसं सुचलं.

‘सुचलं कसलं,’ ते म्हणाले. ‘तुमचं शपथपत्र मला गणपतीच्या आरतीसारखं पाठ आहे. दहावा झाला की अकरावा, प्रवेशद्वारावर कधीही आला नाही. या वेळी अकराव्यात भलतंच. म्हटलं, बाई एवढ्या टापटिपीच्या, एक कडवं गाळलंय म्हणजे तिथं काहीतरी आहे.’

मी हसले. तेही हसले. मग त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

‘मुद्दाम गाळलंत?’

‘खोटं होतं म्हणून गाळलं.’

‘बरं,’ ते म्हणाले. ‘म्हणजे बाकी सगळ्या वेळेला ते खरं होतं.’

त्यांच्या आवाजात टोमणा होता की नव्हता, मला अजून ठरवता येत नाही. पुण्यात ते ओळखणं अवघडच. मी म्हटलं, उशीर होतोय, आणि निघाले.

गेटचं रजिस्टर माझ्या यादीत गेल्या सहा-सात वर्षांतच आलं आहे. त्याआधी मी ते मागत नसे. अशील सांगायचा, आला नाही, आणि मी लिहायचे, आला नाही. त्या रविवारी मी कपाटातल्या बंद फायली काढून बसले. अकरावा परिच्छेद असलेली प्रकरणं एका कागदावर उतरवायला घेतली. तेवीसपर्यंत आले आणि थांबले. पुढचा रकाना कशाचा करायचा ते कळेना. ती रजिस्टरं आता कुठे असणार? दोन कारखाने तर बंद पडले, एकाच्या जागी सोसायटी झाली. कागद घडी घालून ठेवून दिला. फाडला नाही आणि त्याचं काही केलंही नाही.

निकाल ऑपरेटरच्या बाजूने लागला. सेवेत खंड न धरता कामावर परत घ्या. तेव्हा त्याच्याकडे चार महिने आणि काही दिवस उरले होते. प्लांट हेडनी मला भोसरीला बोलावून घेतलं. हायकोर्टात स्थगिती मिळेल का, एवढंच त्यांना हवं होतं. मी खरं ते सांगितलं. मिळू शकेल. चार महिने लटकवायला फार मोठा मुद्दा लागत नाही. मग मी माझा सल्लाही सांगितला. रजिस्टर रेकॉर्डवर आहे, शेरा तुमच्याच माणसाच्या हातचा आहे, तो वरच्या कोर्टात मोठ्याने वाचला जाईल. घेऊन टाका. चार महिन्यांचा माणूस आहे.

‘मॅडम, तुम्ही नक्की कोणाच्या वकील?’ त्यांनी विचारलं.

‘तुमच्याच. म्हणून दोन्ही सांगितलं.’

त्यांनी खिडकीतून खालच्या मशीन शॉपकडे पाहिलं. नवीन ऑर्डर, ऑडिट, मुंबईच्या फेऱ्या, असं बरंच त्यांच्या डोक्यात असावं. तेही माझ्याइतकेच कंटाळलेले दिसले. शेवटी म्हणाले, सोमवारी पहिल्या पाळीला येऊ दे, पण प्रेसवर नको, टूल रूममध्ये बसव. हे त्यांनी मॅनेजरला सांगितलं, मला नाही. यापुढची त्यांची प्रकरणं माझ्याकडे येणार नाहीत हे मला तिथेच कळलं. तसंच झालं.

ऑफिसात येऊन मी कामावर हजर होण्याचं पत्र लिहून घेतलं. सोमवार, पहिली पाळी, ओळखपत्रासाठी दोन फोटो. एक प्रत प्रतिनिधींना पाठवली. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मला वाटलं, शब्दांवरून काही हरकत असेल.

‘नाही हो, पत्र ठीक आहे,’ ते म्हणाले. ‘तो इथं माझ्या शेजारी बसलाय. विचारतोय, सेफ्टी शूज कंपनी देणार का आपले आणायचे? जुने झिजून गेले. आणि बिगर बुटाचं गेटवर सोडत नाहीत.’

मी मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, स्टोअरमध्ये बघतो, नंबर किती? मला कसा माहीत असणार. परत प्रतिनिधींना फोन. त्यांनी शेजारी विचारलं. आठ. मॅनेजरला आठ सांगितला. तो दहा मिनिटांनी म्हणाला, आठ संपलेत, नऊ आहेत, आठ पुढच्या आठवड्यात येतील.

पुन्हा प्रतिनिधींना फोन केला तेव्हा तो ऑपरेटरनेच उचलला. मी म्हटलं, नऊ आहेत फक्त.

‘नऊ चालतील,’ तो म्हणाला. ‘दोन मोजे घालीन.’