सोडवायला आलेली माणसं

मी घाबरट बाई आहे. लहानपणापासून. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दोन हजार चार-पाच साल असेल. वेल्समधल्या एका लहान गावात, कार्डिफपासून बसने तासाभरावर, मी मुलाकडे राहत होते. मुलगा-सून दोघं हॉस्पिटलात कामाला. माझा कायम राहण्याचा अर्ज सरकारकडे पडून होता, पासपोर्टही तिकडेच. पोस्टमन दारात आला तरी मी मागच्या खोलीत जाऊन उभी राहायचे.

शेजारी नव्वदीला टेकलेली एक म्हातारी एकटी राहायची. मूळची अर्जेंटिनाची, इथल्या माणसाशी लग्न करून आलेली. नवरा कधीच गेला होता. तिचं इंग्रजी मोडकं, माझं चौथी शिकलेल्या बाईचं, त्यामुळे आमचं जमलं. तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. रोज अकराला मी तिचा चहा करायला जायचे आणि ती मला तिच्या आजीची गोष्ट सांगायची.

तिकडे मोकळ्या माळावर गोऱ्यांची शेवटची घरं, आणि पलीकडे तिथले मूळचे लोक. जमीन आधी त्यांचीच. ते घोड्यांवरून धाड घालायचे, गुरं हाकून न्यायचे, बायका-पोरंही न्यायचे. आधी घरावरून हरणं पळत जायची, मग शहामृगासारखे मोठे पक्षी, आणि मागून धूळ. धूळ दिसली की घराभोवतीच्या खंदकाच्या आत पळायचं, कारण ते लोक घोड्यावरून उतरून लढत नसत. आजी तेव्हा चौदा वर्षांची. पाण्याला गेली होती, खंदकाबाहेर राहिली.

ऐकताना माझा चहा तसाच गार व्हायचा. म्हातारी बिस्किट बुडवून खात असायची.

आजी वर्षभर रडली, मग तिथलीच झाली. लग्न झालं, दोन पोरं झाली. धाडीत पुरुष पुढे असायचे आणि बायका मागे जास्तीचे घोडे सांभाळत, लुटलेली गुरं हाकायला. आजीही जायची. एकदा तिने बापाच्या शेजाऱ्याची गुरं हाकून आणली. हे सांगताना म्हातारीला फार हसू यायचं.

बारा वर्षांनी फौज आली, पळवलेल्या बायका सोडवायला. आजी गवतात लपली. त्यांनी शोधून काढली. शहरात आणल्यावर तिचा चार वर्षांचा मुलगा कुठल्याशा घरी कामाला देऊन टाकला. अंगावर पिणारी मुलगी तेवढी राहिली, ती म्हातारीची आई. मुलगा पुन्हा कोणाला दिसला नाही.

"घोडेवाल्यांना ती एकदाच भ्याली," म्हातारी म्हणायची. "सोडवायला आलेल्यांना मरेपर्यंत."

त्या हिवाळ्यात म्हातारी दोनदा पडली आणि कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, एक बाई यायला लागली. एकटीने राहणं धोक्याचं आहे, तुम्हाला म्हाताऱ्यांच्या चांगल्या होममध्ये ठेवतो, असं तिचं म्हणणं. म्हातारीला घर सोडायचं नव्हतं. माझा मुलगा मला म्हणाला, "आई, कौन्सिलच्या भानगडीत पडू नकोस. आधी तुझे पेपर होऊ देत." ते त्याने सांगायची गरजच नव्हती. गावी तलाठ्याशी वाकडं झालं की वरच्या कचेरीतही काम अडतं, हे मी आयुष्यभर पाहिलेलं. गळ्यात ओळखपत्र लटकवलेला कोणीही माझा अर्ज फाडू शकतो, असंच मी धरून चालले होते.

एक दिवस चहाच्या वेळेला घंटा वाजली. म्हातारी जिन्याखालच्या कपाटात शिरली आणि मला दाराकडे ढकललं. मी सांगितलं, ती घरी नाही. कौन्सिलच्या बाईने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

"टेबलावर दोन कप आहेत."

"मी दोन पिते," मी म्हणाले.

गुरुवारी परत येते म्हणून ती गेली. कपाटातून खुदखुद ऐकू आली. "हळू हस, भवाने," मी मराठीतच म्हणाले. तीन रात्री झोप नाही.

गुरुवारी दोघी आल्या. दुसरीच्या हातात कागद होते. म्हातारीला या वेळी कपाटापर्यंत जाताच आलं नाही. जिन्याच्या पायरीवर बसून तिने माझं मनगट धरलं. "सांग, नाही म्हणून."

मी तिच्याजवळ तशीच उभी होते. दारातल्या पत्राच्या फटीची झडप उघडली.

"आत कोणीतरी आहे. आम्हाला पाय दिसताहेत. उघडा, प्लीज."

पाय माझे होते. आता नाव विचारतील, मग पासपोर्ट, मग विमान. मी मनगट सोडवून घेतलं आणि दार उघडलं.

दोघी फार गोड बोलल्या. तीन आठवड्यांनी म्हातारीला होममध्ये नेलं. मी एकदाच भेटायला गेले. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि मी निघेपर्यंत तसंच ठेवलं. पुन्हा जायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी माझ्या पासपोर्टवर कायमचा शिक्का पडला. त्या दोघींनी त्या दिवशी माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं.