भागीकाकीचं खळं

मे महिना संपला की आमच्या वाडीत दोन गोष्टी उरतात, सोलं आणि किस्से. हल्ली सोलं कमी उरतात, त्यामुळे किस्से वाढलेत! मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहून सांगते.

सगळे किस्से भागीकाकीच्या खळ्यातले, म्हणजे तिच्या घरापुढच्या अंगणातले. काकी आमची शेजारीण, एकटीच राहते. उन्हाळ्यात ती, माझी आई आणि वाडीतली सुनंदावहिनी मिळून तिथे रतांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सोलं करायच्या आणि विकायच्या. साल रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. अशी सात पुटं! पूर्वी त्याला पुरेल एवढं ऊन असायचं. आता रतांबे उशिरा पिकतात आणि पाऊस मे महिन्यातच येतो. मधे सापडते ती काकी.

* * *

गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं घालायचं काम देवळात पुरुषांचं. पण सोलं पसरायच्या आधी काकी आकाशाला हात जोडून सुरू करायची, "बा देवा म्हाराजा, सात पुटां होयसर पावसाक थंयच अडकव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई आणि वहिनी ओरडायच्या. मी मनातल्या मनात.

"ह्यां चेडू व्हय म्हणणा नाय, म्हणान पाऊस येता!" काकी माझ्याकडे बघून म्हणायची.

* * *

एकदा टीव्हीवर सांगितलं, कोकणात हवामान कोरडं राहील. बाहेर धो धो चालू! काकी तशीच आमच्या घरात आली, टीव्हीसमोर उभी राहिली आणि तिने पदर पिळला.

"बघ रे बाबा, ह्यां काय आसा तां सांग!"

* * *

तालुक्याहून एक साहेब आले होते. क्लायमेट चेंजमुळे मोहोर, फळ, पाऊस सगळ्यांच्या वेळा कशा बिघडल्यात, ते त्यांनी छान समजावलं. काकीने पूर्ण ऐकून घेतलं.

"साहेबांनू, माका समाजला. आता पावसाक सांगा!"

* * *

एका वर्षी आठवडाभर ऊनच पडेना. काकीने सोलं पलंगावर, पंख्याखाली पसरली आणि आपण जमिनीवर झोपली. लोडशेडिंग सुरू झालं, तशी पुठ्ठा घेऊन सोलांना वारा घालत बसली.

"माझो घोव आजारी पडलो, तेका सुदीक मी असो वारो घालूक नाय!"

शेवटी ती सोलं चुलीच्या वर टांगून वाळवली. कट्टा गावातल्या दुकानदाराने एक उचलून वास घेतला.

"काकी, तुमची सोलां बिडी ओढतत काय?"

"ओढतत. तुझ्याच दुकानात बसान शिकली!"

सगळे हसले. पण त्याने अर्धाच भाव दिला. परत येताना एस्टीत काकी खिडकीबाहेर बघत होती. एरवी हा किस्सा लिहिताना मी बिडीपाशीच थांबते.

* * *

मग सुनंदावहिनी देवबागला गेली. तिथे पर्यटकांना राहायला खोल्या देतात, त्यांचा स्वयंपाक करायला.

"काकी, थंय पाऊस पडलो तरी पगार भिजणा नाय!"

काकी सगळ्यांत मोठ्याने हसली. पुढच्या वर्षी आई अंगणवाडीत लागली. काकी रोज गाऱ्हाणं घालायची आणि 'व्हय'साठी थोडी थांबायची. तेवढा वेळ मी माझ्या पायांकडे बघायचे.

* * *

गणपतीत काकीचा मुलगा मुंबईहून आला. "आये, एक वरस बघ. ह्या खेपेक सोलां भिजली तर घर बंद कर नि चल मुंबैक."

"थंय खळा आसा?"

"गॅलरी आसा."

"मगे तू वाळ गॅलरीत!"

मी हसले नाही. शाळा सुटल्यावर मी काकीच्या पायरीवर बसते. बोलते तीच, मी ऐकते. पण दिवसभरात माझ्याशी तेवढंच कोणीतरी बोलतं.

* * *

आता गेल्या मे महिन्यातलं.

सहा पुटं झाली. सातवं वाळत होतं आणि दुपारी देवबागच्या बाजूने काळं आभाळ आलं. हाकेला यायला वाडीत कोणी नव्हतं. आम्ही दोघी धावलो, जमेल तेवढं आत घेतलं. निम्मी सोलं भिजली. संध्याकाळी मुलाचा फोन आला. काकी "व्हय, व्हय" एवढंच म्हणाली.

सकाळी बघते तर कडक ऊन! भिजलेल्या सोलांची टोपली कडेवर घेऊन काकी खळ्यात उभी. टोपली खाली ठेवून तिने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आता तरी जरा उसंत दी रे म्हाराजा!"

आणि थांबली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"व्हय म्हाराजा!"

माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मलाच माहीत नव्हतं. समोरच्या रस्त्यावरून मालवणची एस्टी चालली होती, ती कचकन थांबली! कंडक्टरने दारातून डोकं बाहेर काढलं.

"कोण येता गो?"

काकीने एकदा एस्टीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"कोण येणा नाय! जा तू!"

आणि सोलं आठव्यांदा पसरायला ती खाली वाकली.