दोनाची करणी

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, गणितातल्या ‘सर्ड’ला, म्हणजे कधी पुरतं न सुटणाऱ्या वर्गमुळाला, मराठीत काय म्हणतात? करणी म्हणतात. पण आपल्याकडे कुणी केलेल्या जादूटोण्यालाही करणीच म्हणतात, आणि त्यापायी निपाणीत काय घडलं ते सांगणारी आपल्या घरात आता मीच उरले आहे, म्हणून लिहिते.

तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे भाऊजी, यांच्याइतकं न संपणाऱ्या गोष्टीवर प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गणिताच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर ते एकटेच राहत. अंघोळ झाली की लोक देवापुढे बसतात. हे खडू घेऊन पडवीत दोनाचं वर्गमूळ काढायला बसत. एक पूर्णांक, मग चार, एक, चार, दोन... कधी कानडीत, “ओंदु, नाल्कु, ओंदु, नाल्कु.” “वैनी, सुरुवातीला झोपाळा कसा हालतोय बघा,” म्हणायचे, “आन् मग आकडे वाट सोडून रानात शिरत्यात. परत त्या वाटेनं येत न्हाईत.” तेही त्यांच्यामागून जात आणि इकडे चहा निवून जाई. कुठंतरी हातचा चुके, की हसत हसत फरशी पुसून पुन्हा पहिल्यापासून. न्हाव्यानं “केस किती बारीक करू, सर?” विचारलं, तर “पाच दशांश स्थळांपर्यंत,” असं सांगून ते डोळे मिटून घेत.

जेवण शेजारच्या आक्कांकडून येई. त्या रोज ताटात दोन भाकऱ्या झाकून आणत आणि घटकाभर गप्पा मारत. भाऊजींशी बोलणारं तेवढंच माणूस. एकदा मी बेळगावहून तिथं गेले असताना भाऊजी फोनवर जुन्या मित्राला म्हणाले, “दोनाची करणी लई चिवट रं. जन्मभर काढली तरी सुटत न्हाय.” आक्का दारातच होत्या. ताट उंबऱ्यावर ठेवून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारावर लिंबू-मिरची लटकली आणि भाकरी काही आली नाही. मी भात टाकला. भाऊजींनी खडूला हात लावला नाही. संध्याकाळी उठून ते आक्कांच्या अंगणात गेले, मागून मी.

“आक्का, ही करणी म्हंजे गणित हाय वो.”

“करणीला गणित लागतंयच की, सर. किती लिंबं कापली?”

भाऊजींनी अंगणातल्या चौकोनी फरशीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली. “फरशीची बाजू एक धरा. मग ही रेघ किती?”

आक्कांनी पदराच्या काठानं मापलं. “एक... आन् अर्ध्याला जरा कमी.”

“जरा म्हंजे किती?”

“जरा म्हंजे जरा! त्यात काय मोजायचं?”

“तेच जन्मभर मोजतोय बघा.”

आक्का रेघेकडं बघत राहिल्या. “मग असलं नाव कशाला वो ठेवलंय त्याला? दुसरं घावलं न्हाय व्हय?”

दुसऱ्या दिवशी ताट आलं. झाकण काढलं, तर आत एक अख्खी भाकरी, आणि दुसरीचा अर्ध्याहून जरासा लहान तुकडा. भाऊजी हसता हसता डोळे पुसायला लागले. “आक्का, लई जवळ आलाय तुम्ही.” पुढं रोज तेवढीच भाकरी येत गेली.

भाऊजी गेले. पडवीतले आकडे धुऊन निघाले. तिथं आता भाडेकरूंच्या स्कूटर उभ्या असतात. मागच्या महिन्यात मी आक्कांकडे जेवले. दुसरी भाकरी त्यांनी मोडली, मोठा तुकडा दुरडीत परत ठेवला आणि लहान माझ्या ताटात वाढला.

“एक आन् जरा,” म्हणाल्या.

तेवढं अजून उरलं आहे.