मिथुनच्या नावावरची विलायती मोटारसायकल

वडशाला रेल्वे फाटकाच्या अलीकडे मिथुन रामटेकेचं गॅरेज आहे. दिवाळी उलटून नाटकांचा हंगाम लागला की नाटक मंडळांच्या गाड्या त्याच्या दारात लागतात. रात्रीचा प्रयोग चाळीस किलोमीटरवर आणि दुपारी दोनला क्लच बसलेला, अशा वेळी मालक लोक मिथुनचंच नाव काढतात. माणूस बोलायला कमी. पण इंजिनाला कान लावला की काय बिघडलं ते सांगणार.

त्याच्या तोंडून एकाच माणसाबद्दल पाच-दहा मिनिटं सलग ऐकायला मिळायचं. तो म्हणजे प्रफुल. दोघं एकाच मोहल्ल्यातले, आयटीआयला एकाच बाकावर. मिथुननं गॅरेज टाकलं, प्रफुल पुढे शिकत गेला आणि इंग्लंडात एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. कोरोनात प्रफुलचे वडील गेले तेव्हा विमानं बंद होती. खांदा मिथुननं दिला, अग्नी मिथुननं दिला. प्रफुल तिकडे मोबाइलवर बघत होता आणि म्हणत होता, "मिथ्या, माहा सख्खा भाऊ असता तरी इतकं केलं नसतं बे." त्यानंतर प्रफुलच्या आईला, गिरजाबाईला, दवाखान्यात नेणं, तिच्या घरचा नळ बसवणं, हे सगळं मिथुनकडेच आलं. तिला तो मोठीमायच म्हणायचा, त्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

एका रविवारी प्रफुलचा फोन आला तो ओरडतच.

"आपली गाडी सापडली बे!"

"कोणती?"

"आयटीआयच्या भिंतीवर फोटो होता ना, दोन सिलिंडरवाली, तीच. एकसष्ट सालची. एका म्हाताऱ्याच्या शेडात पडून होती. घेतली म्या."

मिथुनच्या हातातला पाना तसाच राहिला. तो फोटो त्यानं तीन वर्षं रोज पाहिला होता.

"पन्नास वर्षांवरची गाडी आता हौसेसाठी आणता येते," प्रफुल म्हणाला. "पण मी पडलो इथी. तुह्या नावानं मागवू. खर्चाचं मी पाहतो, तू फक्त हात लाव. आपल्या दोघाईची गाडी."

कागदपत्रं तयार झाली. एक प्रतिज्ञापत्र होतं, शंभराच्या स्टॅम्पवर: ही मोटारसायकल मी स्वतःच्या हौसेसाठी व वापरासाठी मागवीत आहे, विक्रीसाठी नाही. मिथुनची बायको रिना अंगणवाडीत सेविका, कागद वाचल्याशिवाय सोडणारी नाही. तिनं तो दोनदा वाचला.

"सगळं तुमच्याच नावानं काऊन?"

"अवं, त्याचं अन् माहं वेगळं आहे का?" मिथुन म्हणाला आणि सही केली.

गाडी समुद्रानं मुंबईला आणि तिथून कंटेनरमधून नागपूरला आली. कस्टमच्या कचेरीत मिथुनच्या सहा खेपा वाया गेल्या. कधी इंग्लंडच्या जुन्या नोंदणीचा कागद कमी, कधी इंजिन नंबरात एक आकडा पुसट. सातव्या खेपेला लाकडी खोका पिकअपवर चढला. घरी आणून उघडला तेव्हा आत गंजाचा सांगाडा होता. टाकीला भोकं, स्पोक तुटलेले, पिस्टन सिलिंडरला धरून बसलेला. मोहल्ल्यातली माणसं हसून गेली. मिथुन मात्र रात्रभर झोपला नाही, इतका खूश होता.

पुढचे नऊ महिने त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. जुन्या इंग्लिश नट-बोल्टांचं माप वेगळं. आपले दहा-बाराचे पाने बसेनात. त्यानं भंगारातले पाने आणून कानशीनं घासले, मापाला आणले. पिस्टन डिझेल घालून पंधरा दिवस भिजवला. न मिळालेले भाग लेथवर घडवून घेतले. आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो प्रफुलला पाठवला. किक मारल्यावर इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा तर त्यानं व्हिडिओ काढला, त्यात त्याचाच रडवेला आवाज आहे: "ऐक बे प्रफुल, ऐक!" प्रफुलचं उत्तर आलं, "वा! आता नंबर लवकर पाड."

नोंदणीसाठी गडचिरोलीला आरटीओत फाइल गेली. तपासणीला आलेल्या साहेबांनी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप घेतला, कागदाशी ताडून पाहिला आणि विचारलं, "हे सगळं तुम्ही एकट्यानं केलं?" मिथुन म्हणाला, "दोस्त आहे सोबत, साहेब." जुन्या गाड्यांसाठीची खास अक्षरं असलेली नंबर प्लेट मिळाली. नोंदणी पुस्तकावर नाव, मिथुन श्रीहरी रामटेके.

बारा दिवसांनी एक छोटा ट्रक गॅरेजसमोर थांबला. उतरलेल्या माणसानं आपलं नाव सुनिल सांगितलं. नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलवाल्याकडचा मॅनेजर. गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "फोटोपेक्षा भारी झाली हो. चला, ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या करा, चढवून घेऊ."

"कशाची ट्रान्सफर?"

"गाडीची. आमच्या साहेबांनी प्रफुलभाऊंकडून घेतली ना. पूर्ण पैसे गेले, वर्ष झालं."

मिथुनला वाटलं, माणूस पत्ता चुकला. सुनिलनं मोबाइल पुढे केला. त्यात मिथुननं काढलेले सगळे फोटो होते, एकही कमी नाही. भिजत घातलेला पिस्टन, घासलेले पाने, रंगाचा पहिला हात. तो व्हिडिओही होता, पण आवाज काढून टाकलेला. आणि साहेबांना प्रफुलनं लिहिलेलं होतं: "काळजी करू नका. गावाकडे माझा एक मेकॅनिक आहे, कागदपत्रं त्याच्या नावानं करतो. सांगेन तिथे तो सही करतो."

मिथुननं ते पुन्हा वाचलं. मग तो स्टुलावर बसला.

सुनिल माणूस वाईट नव्हता. त्यानं पाणी मागवलं. मिथुननं तिथूनच फोन लावला.

"हां, आला का सुनिल?" प्रफुल म्हणाला. "मी सांगणारच होतो तुले."

"वर्ष झालं, प्रफुल."

"अरे, गाडी तयार होतपर्यंत कशाले बोलायचं? तुहा हिस्सा काढून ठेवला आहे म्या. तू चिंता नको करू."

"आपल्या दोघाईची गाडी म्हणला होता तू."

"मग काय वडशात उभी करून पूजा करायची का? जरा समजून घे ना. धंदा आहे."

"म्या स्टॅम्पवर लिहून देलं, विकाले नाई आणली म्हणून. खरं समजून लिहून देलं. खोटा कोण झाला, तू का मी?"

प्रफुल म्हणाला, "कागदाचं काय घेऊन बसला बे. सही कर."

मिथुननं फोन ठेवला. सुनिलला म्हणाला, "भाऊ, तुमच्या साहेबाले सांगा, मी सही नाई करत. तुमचे पैसे ज्यानं घेतले त्याच्याकडून घ्या." ट्रक रिकामा गेला.

हॉटेलवाल्यानं पैसे परत मागितले, प्रफुलला ते द्यावे लागले. आणि मग वडशात नवीनच गोष्ट फिरली. प्रफुलनं नातेवाइकांना फोन करून सांगितलं होतं की मिथ्यानं नावाचा फायदा घेऊन गाडी दाबली. चहाच्या टपरीवर एकानं हसत विचारलं, "का हो, फुकटात विलायती गाडी?" ज्यानं आयुष्यात कोणाचा नट ठेवून घेतला नाही, त्याला हे ऐकावं लागलं. घरी येऊन तो जेवला नाही. रिना म्हणाली, "चालवा आता ती. तुमच्या मेहनतीची आहे." तो म्हणाला, "तिच्यावर बसलो की त्याचा आवाज येते मले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी बाहेर काढली. किक मारली नाही. भर बाजारातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ढकलत नेली ती प्रफुलच्या घरापर्यंत. अंगणात स्टँडवर लावली आणि प्रफुलला निरोप लिहिला: "गाडी तुह्या घरी लावली. किल्ली मोठीमायपाशी. विकायची सही माही भेटणार नाई."

गिरजाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिच्या कानावर काय आलं होतं, काय नाही, कोण जाणे. मिथुननं पुढे केलेली किल्ली तिनं हातात घेतली, उलटून पाहिली.

"मिथुन, तू प्रफुलवर चिडला का रे?"

खोटं बोलावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं. म्हातारीचं वय पंच्याहत्तर.

"हो, मोठीमाय."

"लय?"

"लय."

तिनं मुलाची बाजू घेतली नाही, त्याला शिव्याही दिल्या नाहीत. उठून आत गेली, एक जुनं लुगडं घेऊन आली. दोघांनी मिळून ते गाडीवर पसरलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून मिथुननं दोन टोकं चाकाच्या स्पोकांना घट्ट बांधली.