बसून राहणारे आबा

कामशेतच्या कबड्डी सामन्यांआधी आमच्या शाळेच्या मुली राष्ट्रगीत म्हणत आणि त्यांची बाई म्हणून मी त्यांच्यापुढे उभी असे. सगळे ताठ उभे राहत. पहिल्या रांगेतले एक म्हातारे आबा मात्र मांडी घालून बसून राहत. मला ते खटके.

एकदा मागून कुणी खेकसलं, "आबा, ऊठ की! देश तुजा न्हाई व्हय?"

"माजाच हाय. पर गाव धरणात गेलं, बदली जमीन दिली न्हाई. तवर बसनार."

मग खेळाडू मैदानाची माती कपाळाला लावून आत उतरू लागले, तसे आबा झटकन उठले. त्यांनी मूठभर माती उचलून हुंगली आणि टाकून दिली.

"आमच्या बुडाल्या गावच्या मैदानाची लाल व्हती," ते मला म्हणाले. "बाई, तितं म्हना तुमचं गानं. गळ्याइतक्या पान्यात उबा ऱ्हाईन."