गुण आल्यावर

इस्त्रीवाल्या काकू कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण विचारलं तर तोंडावर खरं सांगणार. म्हणूनच दम्याच्या नव्या औषधाची चाचणी आमच्या वस्तीत करायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीवर घेतलं.

बैठकीत काकूंनी खोदून खोदून विचारलं. औषध बाधलं तर? छातीत धडधडलं तर कुणाकडे जायचं? मधेच सोडावंसं वाटलं तर? डॉक्टरांनी प्रत्येक शंकेचं नीट निरसन केलं. घरी येऊन काकूंनी धाकट्या जावेला सांगितलं, "दे नाव. मी सगळं विचारलंय."

जावेची छाती सूतगिरणीतल्या धुळीनं पार कामातून गेली होती. जिना चढताना भिंत धरायची, बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडायची. औषध सुरू झालं आणि तिला गुण आला. पाण्याची बादली एकटीनं वर न्यायला लागली. पाठ टेकून झोपायला लागली. एकदा नवऱ्याशी एका दमात भांडली, तेव्हा शेजारच्या खोलीत काकूंना हसू आवरेना.

वर्षभरानं चाचणी संपली. डॉक्टरांनी सगळ्यांचे आभार मानले, टाळ्या झाल्या आणि औषध बंद झालं.

थोड्याच दिवसांत जाऊ पुन्हा उशांना टेकून रात्र काढायला लागली. काकू तडक दवाखान्यात गेल्या. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. औषध उत्तम ठरलंय, पण बाजारात यायला वेळ लागेल आणि आलं तरी या वस्तीच्या आवाक्यात नसेल, असं त्यानं खाली मान घालून सांगितलं.

"मग हे आधी का नाही बोललात?"

"आधी कुणी विचारलंच नाही, काकू."

काकूंनी घरी जावेची माफी मागितली.

"तुमचं काय चुकलं, जाऊबाई?" ती थांबत थांबत म्हणाली. "मला दम लागायची सवय होती. ती मोडली, एवढंच."

पुढे दम्याच्याच दुसऱ्या औषधाच्या चाचणीसाठी समिती बसली. काकूंनी सुरुवातीलाच विचारलं, गुण आला तर नंतरही औषध देणार का? ते कंपनीच्या हातात आहे, असं उत्तर मिळालं. मंजुरीसाठी काकूंनी हात वर केला नाही. बाकी सगळ्यांनी केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ साडी नेसून तयार होती.

"वर्षभर तर वर्षभर," ती म्हणाली.

तिला हाताला धरून काकूंनीच दवाखान्यात नेलं.